पिल्लाची निवड व वंशपरीक्षा

देहूच्या परिसरात शहर वाढत आले, तशी शोभेच्या विलायती कुत्र्यांची हौस मळ्यापर्यंत पोहोचली आहे. अशा हौशी बांधवांनी कॅव्हेलियर स्पॅनियल जातीचा दाखला ध्यानी घ्यावा. या जातीत कवटीचा मागील भाग पुष्कळदा जन्मतःच मेंदूस अपुरा पडतो. लहान मेंदू खाली दाबला जातो, मज्जारसाचा मार्ग अडतो, मज्जारज्जूत पोकळ्या होतात व मुके जनावर वेदनेने मानेकडे खाजवीत राहते. रूपासाठी जवळच्या रक्तात केलेल्या पैदाशीचे हे फळ होय. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली या जातीची शुद्ध पैदास कायद्याविरुद्ध ठरविली. वळू घेताना आपण वंश पाहतो. मग पिल्लू घेताना केवळ मुखडा का पाहावा? राखणीस निरोगी आईबापांचे गावठी पिल्लूच बरे.