कृपासदनाचे दार



कोंढव्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. धाकटा मुलगा मोबाइलवरच्या जुगारात अडकला. तीनदा तौबा केली, तीनदा मोडली. वडील म्हणतात, "आधी सुधारून दाखव, मग उंबरठा ओलांड." मुलगा मित्राच्या खोलीवर राहतो आणि आता जुम्यालाही जात नाही. "कोणत्या तोंडाने जाऊ?" असे आईला विचारतो.

पत्र वाचताना आम्हाला केडगाव आठवले. पुण्याहून दौंडकडे जाताना हे स्टेशन लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथलेच. दुष्काळातून आणलेल्या बायका-मुली, विधवा, अंध यांना तिथे आसरा मिळाला. समाजाने 'बिघडलेल्या' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी रमाबाईंनी वेगळे घर काढले आणि त्याला नाव दिले 'कृपासदन'. 'सुधारगृह' म्हटले असते तरी चालले असते. पण मुक्ती आणि कृपा हे ख्रिस्ती शिकवणुकीच्या गाभ्याचे दोन शब्द आहेत, आणि ते त्यांनी विचार करूनच निवडले असणार.

या घराचे मूळ इंग्लंडमध्ये सापडते. रमाबाई 1883 साली तिकडे गेल्या. तिथे जोगिणींनी त्यांना अशाच स्त्रियांचे एक आश्रयस्थान दाखवले. ज्यांच्या सावलीलाही आपल्याकडे कुणी उभे राहत नाही, त्यांची इतक्या मायेने सेवा का करता, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका जोगिणीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. तिचे पाच नवरे होऊन गेलेले, सहावा नवरा नव्हेच. ह. ईसा (अ.) विहिरीवर तिच्याकडे पाणी मागतात आणि तिच्याशी बोलत बसतात. रमाबाईंच्या मनात ही गोष्ट घर करून राहिली.

त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या धर्मांतरावरून पुण्यात पुढे केवढा गदारोळ झाला! त्या वादात आम्हाला शिरायचे नाही. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते त्यांनी स्वतःबद्दल लिहिलेले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळालेला नाही. (नावाने मुसलमान असलेल्या आपल्यापैकी कितीजण इतके खरे बोलतील?)

ख्रिस्ती लोक कृपा कशाला म्हणतात? पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पाप हे जणू मालक आहे आणि माणूस त्याचा गुलाम. गुलामाला स्वतःच्या बळावर सुटता येत नाही. ख्रिस्ताच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने ती मालकी संपली, आणि ही सुटका कमावलेली नसून फुकट मिळालेली आहे, अशी त्यांची श्रद्धा. मग खुशाल पाप करावे का? पौल स्वतःच हा प्रश्न काढतो आणि स्वतःच ठामपणे 'नाही' म्हणतो. सुटलेल्या गुलामाने जुन्या धन्याची चाकरी कशाला करायची?

आपला मार्ग इथे वेगळा आहे, आणि तो फरक झाकून दोस्ती करण्यात अर्थ नाही. मूल पाप घेऊन जन्मत नाही, एकाचे ओझे दुसरा उचलत नाही, ह. आदम (अ.) यांची तौबा अल्लाहनेच कबूल केली, असे आपण मानतो. आपल्याकडे झुंज नफ्सशी आहे, आणि शरीअत हीच वाट दाखवणारी रहमत. पण एक गोष्ट आपण विसरतो. केवळ आपल्या अमलांच्या जोरावर कुणीही जन्नतमध्ये जाणार नाही, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले. "आपणही नाही?" असे विचारल्यावर, अल्लाहच्या रहमतीने झाकून घेतल्याशिवाय मीही नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे.

आणि आपल्याकडेही एक विहीर आहे. बनी इस्राईलमधल्या एका बदफैली बाईने तहानेने विहिरीभोवती घुटमळणारा कुत्रा पाहिला. पायातला मोजा काढला, ओढणीला बांधला, पाणी शेंदून त्याला पाजले. अल्लाहने तिला माफ केले. हदीसमध्ये तिच्या मागच्या आयुष्याचा हिशोब दिलेला नाही.

आम्ही त्या भगिनीला कळवले आहे, की मुलाला घरी बोलवा. पैसे आणि एटीएम कार्ड त्याच्या हाती देऊ नका, कर्ज किती झाले ते कागदावर लिहून घ्या, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यात कमीपणा मानू नका. हे व्यसन नुसत्या शपथेने सुटत नाही. पण या सगळ्याच्या आधी त्याचे ताट वाढा. येत्या शुक्रवारी वडिलांनीच त्याला बरोबर घेऊन मशिदीत जावे, आणि वाटेत मागचे काही काढू नये.