घरातल्या राउटरवर हुकूम कोणाचा?

कनेक्शन द्यायला आलेला माणूस भिंतीवर राउटर बसवतो, वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून देतो आणि निघून जातो. त्यानंतरही राउटरचा कारभार कंपनीच्याच हाती राहतो, हे मात्र घरच्यांना कुणी सांगत नाही.

राउटर दुरून हाताळण्याची 'टीआर-०६९' ही पद्धत २००४ मध्ये आली आणि जगभर रुळली. तिच्या आधारे कंपनीचा सर्व्हर राउटरचे सॉफ्टवेअर आणि सेटिंग बदलू शकतो, वायफायला काय काय जोडले आहे याची यादीही मागवू शकतो. 'आईचा फोन', बैठकीतला टीव्ही, पाळण्यावरचा कॅमेरा, सगळे नावानिशी. बँकेचा व्यवहार किंवा व्हॉट्सॲपचा मजकूर कूटबद्ध असतो, तो असा वाचता येत नाही. पण कोणता फोन रात्री घरी नव्हता, हे कळायला मजकूर लागतच नाही.

घरी न येता बिघाड दुरुस्त होतो, ही सोय खरी आहे. पण कंपनीसाठी उघडे ठेवलेले दार चोरालाही सापडते. २७ नोव्हेंबर २०१६ रोजी जर्मनीत ते दिसले. याच पद्धतीसाठी वापरल्या जाणाऱ्या ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर हल्ला झाला, राउटर कोलमडले आणि डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या मोडेमवर मालवेअर आले. फटका बसला तो मुळातला 'ॲडमिन' हा पासवर्ड न बदललेल्यांना. तो बदलायचा असतो, हे किती घरांना माहीत होते?

जर्मनीने त्या हल्ल्याआधीच, १ ऑगस्ट २०१६ पासून, कायद्याने हद्द आखली होती: कंपनीचे जाळे भिंतीवरच्या सॉकेटपाशी संपते. पुढचा राउटर ग्राहकाने निवडायचा आणि जोडणीसाठी लागणारी माहिती कंपनीने न मागता द्यायची.

भारतालाही अशीच हद्द हवी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची तरतूद आहे, राउटर निवडण्याचा हक्क नाही. आज जाणकार ग्राहक कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा राउटर लावतो. मग कंपनीच्या यादीत घरातली दहा उपकरणे न दिसता एकच दिसते. पण खासगीपणासाठी पदरचे दोन-तीन हजार रुपये घालायला लागावेत, हे अन्यायाचे आहे. दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: राउटरचा पूर्ण ताबा मागणाऱ्याला तो द्यावा आणि दुरून कोणती माहिती कधी वाचली, याची नोंद ग्राहकाला ॲपमध्ये दाखवावी.