गर्दीची धास्ती, म्हातारपणाचा घोर

आज एखाद्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जन्मलेली मुलगी 2100 साल उजाडेल तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास असेल. पुढच्या शतकाची चर्चा निघाली, की मंगळावरच्या वस्त्या आणि विचार करणारी यंत्रे यांतच आपण रमतो. त्यापेक्षा या मुलीचे म्हातारपण डोळ्यांसमोर आणावे.

मागच्या शतकाने गर्दीची धास्ती घेतली होती. सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसे भुकेने मरतील, असे भाकीत पॉल एर्लिक यांनी 1968 मध्ये केले. आपण 1972 चा दुष्काळ सुकडी खाऊन काढला, पण ते भाकीत काही खरे ठरले नाही. आता संयुक्त राष्ट्रांचा 2024 चा अंदाज असा, की जगाची लोकसंख्या 2080 च्या दशकात सुमारे 1030 कोटींवर पोहोचेल आणि मग उतरणीला लागेल. दक्षिण कोरियात 2023 मध्ये दर स्त्रीमागे मुलांचे प्रमाण 0.72 वर आले. लोकसंख्या टिकायला 2.1 लागते, आणि महाराष्ट्र 2019-21 च्या पाहणीतच 1.7 वर होता. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे ज्या समाजाने त्यांना कोर्टाची पायरी चढायला लावली, त्यानेच त्यांचे म्हणणे गुपचूप अमलात आणले. कबुली मात्र अजून दिलेली नाही!

खरी अडचण पुढेच आहे. जपान आधी श्रीमंत झाला, मग म्हातारा. आपला क्रम उलटा होऊ घातला आहे. 2050 पर्यंत देशात साठीपुढची माणसे सुमारे 35 कोटी असतील. मुले पुण्या-मुंबईला, गावात दोघेच. निराधार वृद्धांच्या पेन्शनच्या दिवशी बँकेत पाहावे. जन्मभर खुरपे धरून झिजलेला अंगठा म्हातारी यंत्रावर टेकवते, यंत्र नकार देते. पदराला पुसून ती पुन्हा टेकवते. मिळायचे किती? महाराष्ट्रात राज्याची भर धरून 1500 रुपये. त्यात साठ ते एकोणऐंशी वयासाठी केंद्राचा वाटा 200 रुपये, तोही 2007 पासून तसाच. 200 रुपयांत महिन्यापुरती तूरडाळ घेतली, की हाती फारसे काही उरत नाही.

म्हाताऱ्या होत चाललेल्या लोकसंख्येवर काही मुख्यमंत्र्यांनी जास्त मुले जन्माला घाला, असा उपाय सुचवला आहे. आंध्र प्रदेशाने तर स्थानिक निवडणुकांतली दोन अपत्यांची अट 2024 मध्ये काढूनच टाकली. अट गेली ते बरेच झाले. पण बाईच्या कुशीवर सरकारी उद्दिष्ट लादणे, मग ते कमी मुलांचे असो वा जास्त, आम्हाला मान्य नाही. आणीबाणीत नसबंदीच्या उद्दिष्टांनी काय केले, ते देश विसरलेला नाही. शिवाय आज जन्मलेले मूल कमावते व्हायला वीस-बावीस वर्षे लागतात; बँकेतल्या त्या म्हातारीला तेवढा वेळ नाही.

सरकारी नोकरांचा महागाई भत्ता निर्देशांकाबरोबर वर्षातून दोनदा वाढतो. निराधार वृद्धांच्या पेन्शनलाही तोच नियम लावावा. येत्या अर्थसंकल्पात केंद्राने सुरुवात त्या 200 रुपयांपासून करावी.