नातवाचें ग्राफिक्स कार्ड

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं जेवणाच्या पंगतीस तीन दिवस एकच विषय होता : नातवासाठीं ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचें कीं नाहीं, आणि घ्यावयाचें तर कोणतें. नातू अकरावीस आहे. शिष्यवृत्तीची रक्कम व शेजारच्या मुलांस गणित शिकवून मिळविलेले पैसे त्यानें दोन वर्षें सांठविले होते. कमी पडेल ती भर मीं निवृत्तिवेतनांतून घालावी अशी त्याची विनंति होती. थोरले चिरंजीव, म्हणजे त्याचे वडील, म्हणत कीं खेळासाठीं एवढी रक्कम घालणें म्हणजे ती पाण्यांत टाकणें होय. धाकटे चिरंजीव कचेरींत संगणकावरच काम करणारे. त्यांचें मत, घ्यावयाचें तर मोठेंच घ्यावें. मी मॅट्रिक झालेला संस्कृताचा मास्तर. मला ह्यांतलें कांहींच कळत नसल्यामुळें निवाड्याचें काम माझ्याकडे आलें.

ज्यांच्या घरीं असा प्रसंग अद्याप आला नसेल त्या वाचकांसाठीं दोन शब्द सांगतों. संगणकाच्या पडद्यावरील चित्र बिंदूंचें बनलेलें असतें. नेहमींच्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० मिळून २०,७३,६०० बिंदु होतात. खेळ चालूं असतां हें सबंध चित्र सेकंदास साठ वेळां नव्यानें रंगवावें लागतें. मुख्य प्रोसेसर हा एखाद्या विद्वान् शास्त्र्यासारखा आहे. अवघड प्रश्न तो झटकन् सोडवील, पण वीस लक्ष बिंदूंचीं सोपीं गणितें एकदम करावयास हजारों विद्यार्थ्यांचा वर्गच हवा. तो वर्ग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. त्याची चिप एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल ह्या कंपन्यांची असते. तिला पंखे वगैरे जोडून विकणारे एसस, गिगाबाइट, झोटॅक इत्यादि बहुधा निराळे.

नातवाच्या कागदावर ‘आरटीएक्स ५०७०’ असें लिहिलेलें होतें. त्याला कारणही होतें. २०२५ च्या जानेवारींत लास व्हेगास येथें एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग ह्यांनीं जाहीर केलें कीं, ५४९ डॉलरांचें हें कार्ड मागील पिढींतील ४०९० च्या तोडीचें काम करील. चौकशी करतां असें कळलें कीं, कार्डानें एक चित्र स्वतः रंगवावें आणि आणखी तीन अंदाजानें भरून काढावीं, अशी योजना ह्या हिशेबांत धरलेली आहे. एक उदाहरण सोडवून पुढच्या तिहींचीं उत्तरें अंदाजानें लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास मीं चार उदाहरणांचे गुण कधीं दिले नाहींत. अंदाजाचीं चित्रें डोळ्यांस बरीं दिसतात हें खरें. परंतु कळ दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतचा वेळ त्यांनीं कमी होत नाहीं.

मीं नातवास विचारलें, “तुझा पडदा सेकंदास किती चित्रें दाखवितो?”

“साठ, आजोबा.”

“मग कार्डानें दीडशें रंगविलीं तर उरलेलीं नव्वद जातात कोठें?”

तो गप्प बसला. तुपाला पात्राचा आधार कीं पात्राला तुपाचा, हें पाहण्यासाठीं पात्र उपडें करणाऱ्या नैयायिकाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आमचेंही तेंच चाललें होतें. आधीं पडदा पाहावा, मग कार्ड. चौपट, म्हणजे ८२,९४,४०० बिंदूंचा पडदा घरीं असता तर धाकट्या चिरंजीवांचें म्हणणें मीं मान्य केलें असतें.

अशा रीतीनें ५०७० मागें पडलें व ‘५०६० टीआय’वर एकमत झालें. दुकानदाराकडून भाव आला, नातू पैसे भरावयास निघाला, तेव्हां भावपत्रकावर नुसतें ‘५०६० टीआय’ एवढेंच लिहिलेलें मला दिसलें. मी थबकलों, कारण एकदां पोळलों होतों. कांहीं वर्षांपूर्वीं भाच्यासाठीं एका दुकानांतून ‘१०५० टीआय’ स्वस्तांत आणलें. खोक्यावर तेंच नांव, संगणकांतही तेंच नांव दिसे; खेळ मात्र रखडत. पुढें एका जाणत्या मुलानें जीपीयू-झेड नांवाचा फुकट मिळणारा प्रोग्राम चालविला, तेव्हां आंत फार जुनी चिप असून कार्डाच्या नोंदींत खोटें नांव भरल्याचें उघड झालें. दुकानदारानें हात वर केले. भाचा मला एका शब्दानेंही बोलला नाहीं; त्याचेंच अधिक लागलें.

ती उघड लबाडी झाली. पण राजरोस नामसाम्यही कांहीं कमी नाहीं. २०१६ सालच्या १०६० चे ३ जीबी व ६ जीबी असे दोन प्रकार निघाले; फरक केवळ मेमरीचा भासे, परंतु लहान प्रकारांत गणितें करणारे घटकही १२८० ऐवजीं ११५२ च होते. २०२२ सालीं ४०८० ह्या एकाच नांवाचीं दोन कार्डें जाहीर झालीं. लोकांनीं ओरड केल्यावर त्यांपैकीं १२ जीबीचें कार्ड विक्रीस येण्यापूर्वींच मागें घेण्यांत आलें, आणि २०२३ च्या जानेवारींत ४०७० टीआय ह्या नांवानें त्याचें पुन्हां बारसें झालें. ५०६० टीआय हेंही ८ व १६ जीबी असें दोन प्रकारचें आहे. चिप एकच, पण नव्या खेळांतील भिंती, झाडें, चेहरे ह्यांचें सामान ८ जीबींत मावेनासें झालें म्हणजे कार्डाला संगणकाच्या मुख्य मेमरीकडे वारंवार धांव घ्यावी लागते, आणि ऐन रंगांत खेळ अडखळतो. फोनवर विचारतां दुकानदाराचा भाव ८ जीबीचा निघाला. नातवाचा चेहरा उतरला. १६ जीबीसाठीं लागणारी भर मीं घातली.

संगणकास वीज पुरविणारी पेटी, जिला बाजारांत एसएमपीएस म्हणतात, ती आमच्याकडील बिननांवाची होती, तीही बदलली. तेथें काटकसर करूं नये. कार्डाची लांबी मिलिमीटरांत दिलेली असते. कॅबिनेटमधील जागा सूनबाईंनीं शिवणाच्या टेपनें मोजून दिली. कार्ड पूर्ण भारावर १८० वॅट ओढतें. रोज तीन तास खेळल्यास महिन्यास सुमारें १६ युनिटें. ५०७० चे २५० वॅट धरल्यास साडेबावीस. हा हिशेब मीं थोरल्या चिरंजीवांस लिहून दिला. त्यांनीं तो विजेच्या बिलास टांचून ठेवला आहे.

कार्ड बसविल्यावर प्रथम जीपीयू-झेड चालविलें. नांव, चिप, १६ जीबी, सारें जुळलें, तेव्हांच बिल व हमीपत्र कपाटांत गेलें. रात्रीं साडेनवानंतर संगणक बंद, ही वडिलांची अट नातवानें मान्य केली आहे. पहिले चार दिवस ती पाळलीही गेली.