जल्लोष जरूर, पण हौद्याबाहेर

जत्रेतली शेवटची कुस्ती निकाली निघाली, की हलगीचा ठेका वाढतो आणि हौद्याभोवती बसलेली माणसे एकदम उठतात. पुढच्या अर्ध्या मिनिटात विजयी पैलवान कुणाच्या तरी खांद्यावर असतो, फेटे हवेत उडत असतात आणि पंच, वस्ताद, हरलेला पैलवान, हलगीवाले, बापाचे बोट धरून आलेली लेकरे असे सगळेच एका गर्दीत सापडलेले असतात. बीड जिल्ह्यात आष्टी-पाटोद्यापासून परळी-अंबाजोगाईपर्यंत कुठेही हे दृश्य नवे नाही. फुटबॉलच्या देशांत विजेतेपद मिळाले, की प्रेक्षक कठडे ओलांडून मैदानात धावतात. आपल्याकडे तेच मातीत घडते. म्हणून ‘प्रेक्षकांनी मैदानात उतरावे का?’ हा प्रश्न युरोपातला समजून सोडून देता येत नाही. त्याचे उत्तर बहुधा शिस्तीच्या भाषेत दिले जाते. आरोग्याच्या आणि विज्ञानाच्या बाजूने पाहिले, तर ते अधिक स्पष्ट मिळते.

आधी आनंदाची बाजू. पाटोद्याच्या राहुल आवारे याने २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण जिंकले. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे याने १ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण आणले. दुष्काळ आणि ऊसतोड यांच्यासाठीच ज्याचे नाव घेतले जाते, त्या जिल्ह्यात असा दिवस वारंवार येत नाही. आपल्या गावचा पोरगा जिंकल्यावर त्याला डोक्यावर घ्यावेसे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. एकत्र ओरडणे, नाचणे, गळ्यात पडणे यांतून माणसाला आपलेपण मिळते आणि ते मनाच्या आरोग्याला चांगलेच असते. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रेक्षक मैदानात घुसले होते आणि खेळाडू यष्ट्या उपटून पॅव्हेलियनकडे पळत होते. ते चित्रण आजही आपण कौतुकाने पाहतो.

मग अडचण कुठे आहे? ती माणसांच्या हेतूत नाही, जागेच्या हिशेबात आहे.

फुटबॉलचे मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते, म्हणजे ७ हजार १४० चौरस मीटर. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे धरली, तरी तिथे २८ हजार माणसे उभी राहू शकतात. आता आपला फड पाहू. समजा हौदा ४० फूट बाय ४० फूट आहे. त्याचे क्षेत्रफळ १ हजार ६०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १४९ चौरस मीटर. पाचशे माणसे आत शिरली, तर दर चौरस मीटरला साडेतीनच्या आसपास माणसे होतात. दाटी होते, पण हलता येते. हजार माणसे शिरली, की हाच आकडा पावणेसातच्या जवळ जातो. कुस्त्यांच्या मोठ्या दंगलीला हजार माणसांची गर्दी म्हणजे काहीच नाही. शिवाय गर्दी कधी समान पसरत नाही. ती जिंकलेल्या पैलवानाभोवती गोळा होते आणि मागचे पुढच्यांना ढकलत राहतात, कारण पुढे काय चालले आहे हे त्यांना दिसत नसते.

दर चौरस मीटरला चार माणसांपर्यंत प्रत्येकजण आपल्या मर्जीने पाऊल टाकतो. पाचच्या पुढे अंगाला अंग घासू लागते. सहा-सातवर गर्दी माणसांसारखी वागायची थांबते आणि पाण्यासारखी वागू लागते. पाय जमिनीवर असूनही आपण कुठे जायचे, हे आपल्या हातात राहत नाही. स्पेनमधल्या पाम्प्लोना शहराच्या प्रसिद्ध उत्सवातील गर्दीचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घनता ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर शेकडो माणसे एकदमच, सुमारे १८ सेकंदांच्या फेऱ्यात, गोलाकार हेलकावे खाऊ लागतात, असे त्यात आढळले. कुणी ठरवून ढकललेले नसताना हे घडते. अशा लाटेत पोलादी कठडे वाकल्याची नोंद अनेक दुर्घटनांत झाली आहे. त्यासाठी साडेचार हजार न्यूटनहून अधिक बल लागते, म्हणजे जवळपास साडेचारशे किलो वजन अंगावर ठेवल्यासारखे.

या दाबाने शरीराचे काय होते? श्वास घेताना बरगड्या बाहेर फुगतात आणि पोट व छाती यांच्यामधला पडदा खाली सरकतो, तेव्हा फुप्फुसात हवा शिरते. छातीला पुढून आणि पाठीमागून दाब बसला, की बरगड्या फुगू शकत नाहीत. माणूस ओरडतो तेव्हा हवा बाहेर जाते, पण पुढचा श्वास आत येत नाही. रक्तातला प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, भोवळ येते आणि काही मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. ‘चेंगराचेंगरी’ या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे पायाखाली तुडवलेली माणसे येतात. प्रत्यक्षात अशा दुर्घटनांत अनेकजण उभ्या उभ्या गुदमरून दगावतात. हा शब्द नकळत दोषही गर्दीतल्या माणसांवर टाकतो. खरे तर संकटात सापडलेली माणसे एकमेकांना उचलून धरण्याचा प्रयत्न करतात, असेच अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. मुलाचे तर आणखी कठीण. त्याची छाती मोठ्या माणसांच्या कमरेच्या पातळीला असते आणि तिथे त्याला ना हवा मिळते ना कुणी पाहते.

हे सगळे आपल्यापासून दूर नाही. ३ जून २०२५ रोजी बेंगळुरूच्या संघाने आयपीएलचे पहिले विजेतेपद मिळवले. दुसऱ्याच दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांबाहेर ११ जणांचा जीव गेला. सामना तिथे नव्हता, भांडण नव्हते. होता तो फक्त आनंद, अपुरी जागा आणि अरुंद दारे. त्याआधी ४ जुलै २०२४ रोजी मुंबईत मरीन ड्राइव्हवर टी-२० विश्वविजेत्या संघाची मिरवणूक निघाली. श्वास कोंडल्याने आणि दुखापतींमुळे काहींना रुग्णालयात न्यावे लागले आणि सकाळी रस्त्यावर चपलांचा खच पडलेला दिसला. माणसाच्या पायातली चप्पल निघते आणि ती उचलायला त्याला वाकता येत नाही, तेव्हा गर्दी किती दाट असेल, हे त्या खचावरून समजावे.

दुसरी बाजू खेळाडूची. चुरशीची कुस्ती किंवा शर्यत संपते त्या क्षणी शरीर सर्वांत नाजूक अवस्थेत असते. हृदय जोरात धडधडत असते, पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. चालत राहिले, तर पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात; एकदम थांबले, तर रक्त पायांत साचते, रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. म्हणूनच शर्यत संपल्यावर खेळाडूला हळूहळू चालायला सांगतात. आपण नेमके उलटे करतो. त्याला खांद्यावर घेऊन त्याचे पाय लोंबते ठेवतो, चारही बाजूंनी ओढतो, तोंडावर गुलाल फेकतो. मुरगळलेला खांदा, ताणलेला गुडघा किंवा मानेला बसलेला झटका त्या गोंधळात पैलवानालाही कळत नाही. तो दुसऱ्या दिवशी कळतो. हरलेल्या पैलवानाकडे तर डॉक्टरला पोहोचताच येत नाही.

गर्दीतल्या सगळ्यांच्याच मनात कौतुक असते असेही नाही. २२ मे २०२२ रोजी मँचेस्टर सिटीने इंग्लंडचे विजेतेपद मिळवल्यावर त्यांचे पाठीराखे मैदानात धावले, गोलचा खांब मोडला आणि पाहुण्या अ‍ॅस्टन व्हिला संघाचा गोलरक्षक रॉबिन ओल्सेन याच्यावर हल्ला झाला. हजारो माणसे आनंदात होती. त्यांच्या आडोशाला मूठभर माणसांनी हात उगारला. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या मैदानात विनापरवाना उतरणे १९९१ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तरीही हे घडले.

मग कुंपण उंच करावे, दारांना कुलपे लावावीत आणि पोलिसांच्या हाती लाठी द्यावी का? इतिहास याला ठाम नकार देतो. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूलचे पाठीराखे लोखंडी जाळीवर दाबले गेले. ९७ जीव गेले. जाळी नसती, तर माणसे मैदानात उतरून वाचली असती. त्यानंतर इंग्लंडने ही कुंपणे काढली. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियात मलंगच्या कांजुरुहान मैदानात घरचा संघ हरल्यावर प्रेक्षक आत उतरले. पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली, लोक अरुंद दारांकडे धावले आणि १३५ जण मृत्युमुखी पडले. आपल्या वानखेडेवर जानेवारी १९७५ मध्ये पहिली कसोटी होती. क्लाइव्ह लॉइडचे द्विशतक झाले म्हणून एक तरुण त्याचे अभिनंदन करायला धावला. पोलिसांनी त्याला मारहाण केली, प्रेक्षक भडकले, जाळपोळ झाली आणि खेळ थांबवावा लागला. एका माणसाच्या धावण्याने झाले नसते, ते नुकसान त्याला मारल्याने झाले.

म्हणजे मैदानात धावू नये हे खरे, आणि मैदान हीच संकटातली सुटकेची वाट असते हेही तितकेच खरे. कडे असावे, पण आतून सहज उघडणारे. आपल्या यात्रा कमिट्यांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना यात जड असे काही नाही. शेवटच्या कुस्तीआधीच ध्वनिक्षेपकावर सांगावे, की निकालानंतर दहा मिनिटे कुणी जागा सोडायची नाही. विजेता स्वतः सर्वांसमोर येईल. त्याने चालत हौद्याभोवती एक फेरी मारावी. त्याच्या शरीरालाही चालण्याचीच गरज असते आणि मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही तो दिसतो. आज घुसखोरीत तो फक्त पुढच्या शंभरजणांना दिसतो. बक्षीस आणि फेटा उंच ओट्यावर द्यावा. बाहेर जायच्या वाटा किमान दोन असाव्यात, त्यांच्या तोंडाशी मोटारसायकली आणि रसवंतीचे गाडे नसावेत. रुग्णवाहिकेची एक वाट शेवटपर्यंत मोकळी ठेवावी. चैत्र-वैशाखाच्या उन्हात भरणाऱ्या फडाला पिण्याचे पाणी आणि सावली हवीच. उन्हाने थकलेला माणूस दाटीत लवकर कोसळतो.

तरीही गर्दीत सापडलाच, तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दोन्ही हात छातीपुढे आडवे धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. लाटेविरुद्ध ढकलू नका. लाट ओसरली, की तिरके सरकत कडेला या. ओरडण्यात श्वास घालवू नका. चप्पल, मोबाइल, टोपी पडली तर सोडून द्या, वाकू नका. लहान मूल असेल तर वर उचला. भिंत किंवा कठड्याजवळ थांबू नका. कुणी बेशुद्ध पडला, तर त्याला मोकळ्यावर आणा आणि १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, सुमारे पाच सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब देत राहा. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय असो वा बीडचे जिल्हा रुग्णालय, दूरच्या गावातून तिथे पोहोचायला वेळ लागतो. पहिली पाच मिनिटे मात्र गावकऱ्यांच्याच हातात असतात.

कोल्हापूरकडे राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालीम संघांचा फुटबॉल असो, आपल्याकडची कुस्ती असो, की गावच्या माळावर टेनिस बॉलच्या क्रिकेटचा अंतिम सामना असो, जिंकणाऱ्याइतकाच तो विजय पाहणाऱ्यांचाही असतो. तो साजरा करण्याचा हक्क कुणी काढून घेऊ नये. फक्त शेवटच्या क्षणी सगळ्यांनी एकाच जागेकडे धावायचे, ही सवय बदलायला हवी. येत्या जत्रेत ज्या गावची यात्रा कमिटी कुस्त्यांच्या जोड्या आणि इनामाचे आकडे ठरवायला बसेल, तिने त्याच बैठकीत आणखी एक आकडा मोजावा: आपला हौदा किती फुटांचा आणि त्यात किती माणसे मावतात. तेवढ्या हिशेबाला एक पट्टी आणि अर्धा तास पुरतो.