माझा शेजारी कोण?

राजकारण्याने धर्मग्रंथाचा दाखला देऊन टाळ्या मिळवाव्यात, यात अमेरिकेत नवे काही नाही. त्या दाखल्याला खुद्द पोपनी उत्तर द्यावे, हे मात्र क्वचितच घडते. २०२५ च्या जानेवारीअखेर उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी फॉक्स न्यूजवरील मुलाखतीत सांगितले, की माणसाने आधी कुटुंबावर प्रेम करावे, मग शेजाऱ्यावर, मग आपल्या समाजावर आणि देशबांधवांवर. उर्वरित जगाचा विचार त्यानंतर. ही जुनी ख्रिस्ती शिकवण असून डाव्यांनी ती उलटी केली, असा त्यांचा आरोप होता. टीका होताच त्यांनी ‘ऑर्डो अमोरिस’, म्हणजे प्रेमाचा क्रम, ही लॅटिन संज्ञा पुढे केली. वाद केवळ शब्दांचा नव्हता. ट्रम्प प्रशासनाने २० जानेवारीलाच निर्वासितांना प्रवेश देण्याची योजना स्थगित केली होती.

व्हान्स यांचे म्हणणे निराधार नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. सर्वांवर सारखेच प्रेम करावे, पण सर्वांचे भले करणे माणसाच्या आवाक्यात नसल्याने काळ, स्थळ आणि परिस्थिती यांनी जवळ आणून ठेवलेल्यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे संत ऑगस्टीन सांगतात. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी या क्रमाची सविस्तर मांडणी केली. घरच्या म्हाताऱ्यांना उपाशी ठेवून गावजेवण घालणाऱ्याला आपल्याकडेही कोणी धर्मात्मा म्हणत नाही. परंतु त्याच अक्वायनस यांनी एक अपवाद नोंदवला आहे, आणि राजकीय व्यासपीठावर नेमका तोच गळतो : परका प्राणसंकटात असेल आणि स्वतःच्या पित्याची गरज तेवढी निकडीची नसेल, तर मदत आधी परक्याला. म्हणजे क्रम नात्याने ठरतो, तसा गरजेनेही ठरतो.

पोप फ्रान्सिस यांनी १० फेब्रुवारीला अमेरिकी बिशपांना लिहिलेल्या पत्रात याच मुद्द्यावर बोट ठेवले. व्हान्स यांचे नाव न घेता त्यांनी बजावले, की ख्रिस्ती प्रेम म्हणजे हितसंबंधांची हळूहळू रुंदावणारी वर्तुळे नव्हेत. प्रेमाचा खरा क्रम शोमरोन्याच्या दाखल्यात शोधावा. मराठी बायबलच्या वाचकांना हा शोमरोनी परिचित आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी पाहून पुढे जातात. थांबतो तो यहुद्यांनी तुच्छ मानलेला शोमरोनी. ‘माझा शेजारी कोण?’ असे एका शास्त्र्याने विचारले होते. जखमीचा शेजारी कोण ठरला, असा उलट प्रश्न येशूने केला. वर्तुळ कुठे आखायचे, हे ठरवण्याची मुभाच त्याने प्रश्नकर्त्याला ठेवली नाही.

येथे पुराणमतवादी कॅथलिकाची खरी पंचाईत होते. परंपरा आणि धर्मपीठाचा अधिकार हे त्याचे आधारस्तंभ. २०१९ मध्ये कॅथलिक झालेले व्हान्स परंपरेचा हवाला देत त्याच धर्मपीठाशी भांडत होते. गर्भपाताच्या प्रश्नावर मित्र असलेले बिशप स्थलांतराच्या प्रश्नावर विरोधक ठरले. निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी मिळणाऱ्या सरकारी पैशांची त्यांना काळजी आहे, असेही व्हान्स यांनी सुचवून पाहिले. एप्रिलमध्ये बिशप परिषदेने ते करार पुढे चालू न ठेवण्याचे जाहीर केले. उदारमतवाद्यांनीही फार खूश होऊ नये. पोपचे पत्र डोक्यावर घेणाऱ्यांपैकी किती जण गर्भपाताबाबत त्यांचे ऐकणार होते? शिवाय गंभीर गुन्हे करणाऱ्यांपासून स्वतःचे रक्षण करण्याचा राष्ट्राचा अधिकार त्याच पत्रात मान्य केलेला आहे. सरहद्द असावी की नसावी, हा वाद नव्हताच. रांगेत शेवटी उभ्या असलेल्याला माणूस म्हणून वागवायचे की नाही, एवढाच तो होता.

२० एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, व्हान्स आजारी पोपना भेटले. दुसऱ्या दिवशी पोपचे निधन झाले. ८ मे रोजी निवडले गेलेले लिओ चौदावे हे शिकागोत जन्मलेले, म्हणजे व्हान्स यांचे देशबंधूच. नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोर येथे अमेरिकी बिशपांनी स्थलांतरितांच्या सरसकट हकालपट्टीला विरोध करणारे निवेदन २१६ विरुद्ध ५ मतांनी संमत केले. आदल्याच दिवशी त्यांनी परिषदेच्या अध्यक्षपदी ओक्लाहोमा सिटीचे आर्चबिशप पॉल कोकली यांची निवड केली होती. ते पुराणमतवादी म्हणूनच ओळखले जातात, आणि निवेदनाला त्यांचा पाठिंबा होता.