निर्वासिताचे काम आणि निर्वासिताचे मन

दिल्लीतील लाजपतनगर ही वसाहत फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या लोकांसाठी वसविली गेली, आणि आज तिच्या व शेजारच्या भोगलच्या गल्ल्यांतून काबूल-हेरात सोडून आलेली अफगाण कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात, नानच्या भट्ट्या चालवितात, उपचारांसाठी येथे येणाऱ्या देशबांधवांचे दुभाषे म्हणून राबतात. या दोन पिढ्यांच्या दुःखाची तुलना करण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्यांना काम मिळवून देण्याच्या व्यवस्थेतील जी एक उणीव दोन्ही काळांत तशीच राहिली, तिचा विचार मला अगत्याचा वाटतो.

महायुद्धातून मुक्त होणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ साली सरकारने सेवायोजन खाते उभारले, आणि त्याच्याच कचेऱ्यांची दारे फाळणीनंतर विस्थापितांना खुली झाली. फरीदाबादेत तर सरहद्द प्रांतातून आलेल्या कुटुंबांनी, कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन कोऑपरेटिव्ह युनियनचे साहाय्य घेऊन, सहकारी संस्थांच्या द्वारे आपले नगर आपल्याच श्रमांनी उभारले. फुकटच्या शिध्यावर दिवस कंठणाऱ्या माणसाचा तेजोभंग होतो, हे ज्यांनी त्या वेळी ओळखले त्यांच्याविषयी आदरच वाटतो. मात्र कामाला लागलेला माणूस सावरला, असेही तेव्हा गृहीत धरले गेले. आप्तांची हत्या डोळ्यांनी पाहिलेल्यास रात्री झोप लागते की नाही, हा प्रश्न पुनर्वसनाच्या हिशेबात क्वचितच आला.

आजच्या निर्वासिताचे दैव अधिक बिकट. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, स्वतंत्र कायदाही केलेला नाही. अफगाण आणि म्यानमारातून आलेले चिन व रोहिंग्या यांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांची दिल्लीतील कचेरी करते, पण तिचे ओळखपत्र म्हणजे कामाचा परवाना नव्हे. दीर्घ मुदतीचा व्हिसा लाभलेल्यांना खासगी नोकरीची मुभा आहे. इतरांना आधार कार्ड मिळणे दुरापास्त, आणि काबूल तालिबानच्या हाती पडले त्याच ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीला आधारच लागते. सबब शिकलेली माणसेही मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर पत्करतात, मजुरी बुडाली तरी फिर्याद करीत नाहीत, आणि हा देश आपणांस किती दिवस ठेवून घेईल या चिंतेत रात्री जागून काढतात.

अशा माणसाला साहाय्यक संस्था शिवणाचा वर्ग, भाषेची शिकवणी, थोडे भांडवल देऊ करतात, आणि ते मोलाचे आहे; परंतु समुपदेशक बहुधा निराळ्या जागी, निराळ्या दिवशी भेटतो, आणि त्याच्याकडे जायचे म्हणजे रिक्षाचे भाडे भरून वर दिवसाची मजुरीही बुडवावी लागते. दुभाषा आपल्याच गल्लीतला निघाला तर स्त्रिया मनातले बोलत नाहीत. इकडे वर्गात लक्ष न लागणाऱ्या, दार आपटताच दचकणाऱ्या, काही दिवस अंथरुणातूनच न उठणाऱ्या उमेदवाराच्या नावापुढे ‘गैरहजर’ हा शेरा पडतो आणि जागा दुसऱ्यास जाते. त्याला आळशी ठरविणे हा अन्याय आहे. त्याचा आजार ओळखण्याची पहिली संधी डॉक्टराच्याही आधी हजेरीपत्रक राखणाऱ्या कारकुनास मिळते, आणि त्याला ती घेण्यास कोणी शिकविलेले नसते.

अमेरिकेत १९९० च्या दशकात तीव्र मनोरुग्णांसाठी काम आणि उपचार यांची सांगड घालणारी एक पद्धती विकसित झाली. आधी पूर्ण बरे व्हा, मग नोकरी मागा, असे तीत सांगत नाहीत. नोकरी शोधून देणारा माणूस उपचार करणाऱ्यांच्याच मंडळात बसतो आणि नोकरी लागल्यावरही साथ सोडीत नाही. नॉर्वेत तिचा प्रयोग निर्वासितांसाठीही झाला आहे. आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उपचाराचा अधिकार नागरिकांपुरता न ठेवता प्रत्येक व्यक्तीस देतो. तेव्हा दिल्लीतील रोजगार-साहाय्याच्या केंद्रांत ठरलेल्या दिवशी दरी, पश्तो व चिन भाषांच्या परक्या वस्तीतील दुभाष्यांसह समुपदेशक बसविण्यास कायद्याची आडकाठी दिसत नाही. शेरा मारण्यापूर्वी घरी जाऊन चौकशी व्हावी, एवढा नियम तर उद्यापासून करता येईल.

तथापि सहा महिन्यांनी आपले काय होणार हे ज्यास ठाऊक नाही, त्याला निव्वळ समुपदेशनाने स्वास्थ्य लाभेल असे मला वाटत नाही. गृह मंत्रालयाने नोंदणी झालेल्या निर्वासितास, मुदतीचा का होईना, कामाचा दाखला द्यावा. आणि त्या दाखल्यावर बँकेत खाते उघडता यावे व मजुरी बुडाल्यास कामगार खात्याकडे फिर्याद नोंदविता यावी.